ब्लूमिंग्टनचे फळमाशी केंद्र: रक्त-मेंदू अडथळ्याच्या अभ्यासासाठी कितपत उपयुक्त?

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे ब्लूमिंग्टन ड्रोसोफिला स्टॉक सेंटर जगभरातील प्रयोगशाळांना जिवंत फळमाश्या पुरवते. तेथे ७० हजारांहून अधिक जनुकीय वाण सांभाळले जातात. मेंदूच्या आजारांत रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारा पेशींचा थर, कसा ढासळतो, हे शोधणाऱ्यांना या सेवेचा कितपत उपयोग होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

फळमाशीच्या मेंदूत माणसासारखे रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. मेंदू हीमोलिंफ या रक्तासारख्या द्रवाने वेढलेला असतो, आणि त्यातील पोटॅशियमपासून चेतापेशींना वाचवण्याचे काम मेंदूवरचे ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींचे दोन थर करतात. हे दोन थर वेगवेगळे हाताळता येणे, हीच या केंद्राची माझ्या मते सर्वांत मोठी जमेची बाजू होय. आतल्या थरासाठी आर५४सी०७-गॅल४ आणि बाहेरच्या थरासाठी आर८५जी०१-गॅल४ हे, केवळ त्या-त्या थरात दुसरे जनुक चालू करणारे, वाण मागवून त्यांचा योग्य आरएनएआय (ठरावीक जनुक दाबणाऱ्या) वाणाशी संकर केला, की हवे ते जनुक त्याच थरात दाबता येते. २५ अंश सेल्सियसला नवी पिढी सुमारे १० दिवसांत हाती येत असल्याने असे प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहणे परवडते.

हा भेद का महत्त्वाचा, ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०१८ च्या संशोधनातून दिसते. औषधे बाहेर फेकणारे पंप आतल्या थरात असतात, पण त्यांची दिवस-रात्रीची लय बाहेरच्या थरातील जैविक घड्याळ ठरवते. रात्री हे पंप मंदावतात, त्यामुळे अपस्मारावरील फेनिटॉइन हे औषध रात्री दिले असता झटका आलेल्या माश्या लवकर सावरल्या.

वाण आल्यावर केवळ वेष्टनावरील नावावर विसंबू नये. माशीच्या पोटात टेक्सास रेड हा चमकणारा लाल रंग जोडलेले १० किलोडाल्टनचे डेक्स्ट्रान (एक मोठा शर्करा-रेणू) टोचून दुसऱ्या दिवशी डोळा पाहावा: अडथळा शाबूत असेल तर रंग डोळ्याच्या कडेला रेघेसारखा अडतो, आणि गळका असेल तर अख्खा डोळा चमकू लागतो. तुलनेसाठी अडथळा गळका असलेला मूडी जनुकाचा उत्परिवर्ती वाण हाताशी असावा.

पक्षाघातासारख्या, रक्तवाहिनीतूनच सुरू होणाऱ्या आजारांचा अभ्यास करायचा असेल, तर मात्र ही माशी अपुरी पडते, कारण माणसात हा अडथळा मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी उभारतात. तेथे उंदराला पर्याय नाही.

भारतात मागवताना आयात परवाना आधीच हातात असावा आणि शक्यतो उन्हाळा टाळावा. आमची एक पेटी मे महिन्यात एका कुरिअर कंपनीच्या गोदामात अडकली. व्हायली उघडल्या तेव्हा पातळ झालेल्या खाद्यात माश्या चिकटून मेल्या होत्या, आणि काचेवर चढून बसलेल्या मोजक्या कोषांवरच तो वाण तगला. सुस्थितीत आलेल्या माश्यासुद्धा थेट मुख्य संग्रहात ठेवू नयेत. एक-दोन पिढ्या वेगळ्या वाढवून, माइट (सूक्ष्म उपद्रवी कीटकसदृश जीव) नाहीत याची भिंगाखाली खात्री झाल्यावरच त्यांना आत घ्यावे.