जुना थिंकपॅड आणि १ टीबी एसएसडी: ड्राइव्ह झकास, केबलने रडवलं

माझ्याकडे थिंकपॅड टी४२० लॅपटॉप आहे, २०११चं मॉडेल, निव्वळ कीबोर्डसाठी अजून जपलाय. आतली ३२० जीबीची डिस्क इतकी भरलेली की भावाच्या लग्नाचे व्हिडिओ टाकायचे तर आधी गणपतीचे फोटो उडवायला लागायचे, आणि चालू करून चहा पिऊन आलो तरी स्क्रीनवर ते गोल फिरतच असायचं. शेवटी क्रूशियल कंपनीची एमएक्स५०० एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) घेतली, १ टीबीची.

बसवणं सोप्पंय. बॅटरी काढा, खालचा एक स्क्रू सैल केला की झाकण निघतं, जुनी डिस्क ओढून काढायची आणि तिच्या बाजूच्या रबरी पट्ट्या नवीनला चढवायच्या. फक्त जुनी साडेनऊ एमएम जाड आणि ही ७ एमएम, म्हणून आत खुळखुळते. त्यासाठी बॉक्समध्ये प्लास्टिकची चिकटवायची चौकट येते, मी ती पॅकिंग समजून केरात टाकली होती, मग बसलो भाजीच्या सालांत शोधत.

खरा ताप क्लोनिंगचा, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं विंडोजसकट नवीनवर जसंच्या तसं उतरवायचा. अ‍ॅक्रोनिस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर सोबत फुकट मिळतं, ते चांगलंय, पण दुकानदाराने साडेतीनशेला गळ्यात मारलेली साटा टू यूएसबी केबल (ड्राइव्ह बाहेरून यूएसबीला जोडायची) एवढी भिकार की जरा धक्का लागला की ड्राइव्ह गायब, दोनदा अर्ध्याच्या पुढे जाऊन बोंबललं. मित्राची केबल आणली, एका दमात झालं.

आणि एवढं करून सी ड्राइव्ह बघतो तर तेवढाच्या तेवढा! उरलेली जागा शेवटी पडलेली, मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा) आडवं, त्यामुळे सी वाढवायचा एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय दबतच नाही. रिकव्हरी बंद करून विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडने ते पार्टिशन उडवलं तेव्हा कुठे सी वाढला. हे करण्याआधी बॅकअप घ्याच, डिस्कपार्टमध्ये चुकून दुसरं पार्टिशन सिलेक्ट झालं तर संपलं सगळं. आणि एकूण ९३१ जीबीच दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, फसवलेलं नाहीये.

आता वीसेक सेकंदात लॉगिन येतं, जुन्या डिस्कची ती करकर पण बंद. बॉक्सवर ५६० एमबी पर सेकंद लिहिलंय, ते मोठी फाइल वाचतानाचं, रोजच्या वापरात तेवढं कुठलं, पण मला काय फरक पडतो. ५ वर्षांची वॉरंटी आहे.

ड्राइव्हला पाचपैकी साडेचार. केबल परत करायला गेलो तर म्हणे, "साहेब, वापरलेला माल कसा घेऊ?"