लेझर हेअर रिमूव्हल: साखळी सेंटर की त्वचारोगतज्ज्ञाचा दवाखाना?

पुण्या-मुंबईत लेझरने केस काढायचं ठरवलं की समोर दोन वाटा येतात: मॉलजवळचं साखळी सेंटर किंवा त्वचारोगतज्ज्ञाचा दवाखाना. घरगुती आयपीएल यंत्रं, म्हणजे लेझरऐवजी प्रखर प्रकाशाचे फ्लॅश मारणारी, इथे धरलेली नाहीत. गडद त्वचेवर त्यातली बरीचशी यंत्रं फ्लॅशच देत नाहीत.

मशीनवरून निर्णय होत नाही. दोन्हीकडे बहुधा ८०८ किंवा ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड लेझर असतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला सर्वांत सुरक्षित १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, कारण वरच्या थरातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याचा प्रकाश कमी शोषतं. पण तो जास्त दुखतो आणि बारीक केसांवर कमी चालतो. त्यामुळे थंडावा देणारं टोक चांगलं असेल तर डायोडही पुरेसा आहे. तरंगलांबी मात्र विचाराच. लेझरला ठरावीक आकडा असतो, एकत्रित मशीन असेल तर दोन-तीन. ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असा पट्टा सांगितला तर ते आयपीएल आहे, लेझर नव्हे.

सोयीत सेंटर पुढे आहे. रविवारी वेळ मिळते, ताटकळावं लागत नाही, दर आधी कळतो. दवाखान्यात ओपीडी संपेपर्यंत बसावं लागतं, आणि मशीन भाड्याचं असेल तर ते ठरलेल्या दिवशीच येतं. तो दिवस चुकला की सिटिंग पुढे जातं.

तरीही माझा कल दवाखान्याकडे गेला तो एका त्रासामुळे: सेटिंग लिहून न देणं. प्रत्येक सिटिंगला चार आकडे नोंदवले गेले पाहिजेत: तरंगलांबी, प्रति चौरस सेंटिमीटर किती ज्यूल, पल्सची रुंदी (एक झोत किती वेळ टिकतो) किती मिलिसेकंद, स्पॉट (झोत पडतो तो ठिपका) किती मिलिमीटर. सेंटरमध्ये विचारलं की ‘सिस्टीममध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळतं. हा कागदोपत्री हट्ट नाही. पहिलं सिटिंग कमी ऊर्जेवर होतं आणि केस विरळ होतील तशी, त्वचेने काय प्रतिसाद दिला ते पाहून, ऊर्जा वाढवत न्यायची असते. दर खेपेला ऑपरेटर नवी आणि मागची नोंद समोर नाही, म्हणून ती जपून कमीवरच मारते. सहा-आठ सिटिंग संपतात, केस तसेच. हनुवटी आणि मानेवर तर अपुऱ्या ऊर्जेने उलट नवे, जाड केस येऊ शकतात. ऊर्जा जास्त झाली तर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, आणि ते निस्तरणाऱ्या डॉक्टरला कितीवर मारलं होतं हेच कळत नाही. दवाखान्यात हे आकडे केसपेपरवर असतात आणि मागितले तर फोटो काढू देतात. सगळीकडेच असं असेल असं म्हणणार नाही; माझ्या पाहण्यात फरक एवढा ठळक आहे.

टेस्ट पॅचचंही, म्हणजे आधी छोट्या भागावर मारून पाहण्याचंही, तसंच. पॅच मारून अर्ध्या तासात पूर्ण सिटिंग उरकलं तर त्या पॅचला अर्थ नाही. भाजणं आणि फोड एक-दोन दिवसांत कळतात, काळपटपणा यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. केसांच्या मुळाभोवती लाली आणि बारीक सूज येणं अपेक्षित असतं. त्वचा राखाडी-पांढरी पडली तर तिथेच थांबायला हवं, आणि थांबायचं ठरवणारा माणूस शेजारच्या खोलीत तरी असावा. चौकोनी शिक्क्यासारखे भाजल्याचे व्रण बहुधा टोक नीट न टेकल्याने किंवा थंडावा बंद पडल्याने उमटतात. टोकावर जळके केस आणि जेल साचलं तरी भाजतं, म्हणून ते मधूनमधून पुसलं जातंय का पाहा. डोळ्यांवर घालायला देतात त्या संरक्षक चष्म्याच्या काचेवर किंवा फ्रेमवर तरंगलांबी छापलेली असते. ती मशीनशी जुळली पाहिजे.

एका बाबतीत तडजोड नको. दोन्ही पायांना सुन्न करणारं क्रीम फासून वर प्लास्टिक गुंडाळत असतील तर उठून या. क्रीममधलं सुन्न करणारं औषध, लिग्नोकेन, रक्तात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

हनुवटीवर जाड केस आणि पाळी अनियमित असेल तर दवाखान्याशिवाय मला दुसरा पर्याय दिसत नाही. पीसीओएसवर (संप्रेरकांच्या बिघाडाचा हा विकार अशा वेळी असू शकतो) उपचार न घेता लेझर केलं की नवे केस येत राहतात. त्वचारोगतज्ज्ञ आधी तपासण्या सांगतो. सेंटर सिटिंगची संख्या सांगतं.

अर्थात पाटीवर ‘डॉक्टर’ असणं पुरेसं नाही. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही पदवी-पदविका पाहा, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासा, आणि हँडपीस कोण धरणार ते विचारा. टेक्निशियन असायला हरकत नाही, पण सेटिंग डॉक्टरने ठरवलेलं असावं आणि सिटिंगच्या वेळी डॉक्टर तिथे हजर असावेत.

काख किंवा पाय एवढंच करायचं असेल, त्वचा उजळ असेल आणि सेंटरमध्ये त्वचारोगतज्ज्ञ खरोखर बसत असतील, तर तिथेही निभावेल. फक्त आठ सिटिंगचे पैसे आधी भरू नका. एकेका सिटिंगचे द्या, आणि पहिल्याच दिवशी सेटिंगचा कागद मागा. तो दिला नाही तर दुसऱ्या सिटिंगची वेळ घेऊ नका.