स्वस्त गिटार पेडल: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच ठेवावं

पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी. दोन ते पाच हजारांतलं पेडल घेताना आधी त्याचा प्रकार पाहायचा, कंपनी नंतर. ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं) असेल तर बिनधास्त घ्या. डिले (प्रतिध्वनी देणारं) असेल तर त्याची मर्यादा समजून घ्या. स्वस्त वाह (पायाने पुढे-मागे झुलवून ‘वाऽवाऽ’ असा आवाज काढायचं पेडल) मात्र दुकानातच राहू द्या.

ओव्हरड्राइव्हच्या बाबतीत एवढी खात्री आहे, कारण आत फार काही नसतंच. बेहरिंगरचं टीओ८०० हे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ वरून बेतलेलं आहे. मूळ सर्किट म्हणजे एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिप, तिच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट जोडलेले दोन डायोड, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. त्यातली ४.७ किलो-ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी गेन (वाढ) देते. त्यामुळे खर्ज गढूळ होत नाही आणि मधला पट्टा पुढे येतो. हे भाग काही रुपयांत मिळतात, महागड्या पेडलमध्येही तेच असतात. ४५५८ चिप (तीच ती ऑप-अँप) कुठल्या बॅचची चांगली यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत. ड्रम सुरू झाल्यावर त्यांच्यापैकी कुणाला तो फरक ओळखता येईल, असं वाटत नाही.

तरीही टीओ८०० घेऊन अनेकांची निराशा होते आणि त्यात पेडलचा दोष नसतो. ट्यूब स्क्रीमरची खरी कामगिरी म्हणजे आधीच थोडा फाटत असलेल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळीच्या) अ‍ॅम्पला पुढे ढकलणं: ड्राइव्हचा (आवाज फाडायचा) नॉब कमी, लेव्हलचा (एकूण आवाजाचा) जास्त. घरातला १० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प क्लीनवर (न फाटणाऱ्या आवाजावर) ठेवून ड्राइव्ह पूर्ण फिरवला, तर आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा येतो.

अशा अ‍ॅम्पसाठी, किंवा अ‍ॅम्पच नसेल तर, जोयोचं जेएफ-१४ अमेरिकन साउंड जास्त कामाचं. यात जुन्या फेंडर अ‍ॅम्पच्या आवाजाचा बाज आहे आणि स्पीकरसारखी वरची धार कापलेली आहे. हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकतो, पीएचा (कार्यक्रमातल्या मोठ्या साउंड सिस्टिमचा) स्पीकर गाळत नाही. म्हणून साधं डिस्टॉर्शन थेट मिक्सरला लावलं की माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो. गणपतीच्या मंडपात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला साउंडवाला अ‍ॅम्प न देता सरळ डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची डबी) पुढे करतो, तिथे अमेरिकन साउंड अब्रू वाचवतं. सुरुवात सगळे नॉब मधोमध ठेवून करा, मग ड्राइव्ह खाली आणा आणि व्हॉइस थोडा थोडा वाढवत जा. व्हॉइस अर्ध्याच्या पुढे गेला की आवाज झपाट्याने उग्र होतो.

स्वस्त डिलेमध्ये बहुधा पीटी२३९९ ही चिप असते. तैवानची ही चिप मुळात कॅराओकेच्या इकोसाठी बनलेली. पेडलवर ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेलं असलं तरी ती डिजिटलच आहे, फक्त आवाज जरा मऊ, अंधारा येतो. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती छान चालते. त्यापुढे मेमरी तेवढीच आणि चिपचं घड्याळ (आवाजाचे नमुने घ्यायचा वेग) संथ, म्हणून प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर सूंसूं वाढते. सोलोमागे थोडी खोली हवी असेल तर भरपूर झालं. लांबलचक, स्वच्छ, तालात बसणारे रिपीट हवे असतील तर हे पेडल घेऊच नका.

वाहमध्ये सर्किट ठीक असतं, मार खातो तो पॉट (नॉबखाली असतो तसा फिरता रेझिस्टर). पायाने तो सतत फिरतो, झिजतो आणि खरखरायला लागतो. कोकणातल्या दमट हवेत तर आणखी लवकर.

खरा घोळ विजेचा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, २.१ मिलिमीटरची पिन आणि मध्यभागी ऋण ध्रुव लागतो. घरात पडलेले राउटरचे अडॅप्टर बहुतेक मध्यभागी धन असतात. पिन बरोबर बसते, आणि तिथेच घात होतो: आत संरक्षणाचा डायोड असला तर तो जळू शकतो, नसला तर चिप. मल्टीमीटरची लाल तार पिनच्या आत, काळी बाहेरून लावा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर ध्रुव बरोबर. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर काही न जोडता मोजला तर १२-१३ व्होल्टही दाखवतो. तो वापरू नका. ओव्हरड्राइव्ह जेमतेम ५-१० मिलिअँपिअर घेतं, डिजिटल पेडल १०० किंवा जास्त. दोन्ही एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरमधून अनेक पेडलना वीज देणाऱ्या केबलवर) जोडली की डिजिटलची शिट्टी ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन ऐकू येते, आणि लोक ‘पेडल नॉइझी आहे’ म्हणून मोकळे होतात. त्या डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर देऊन बघा. बॅटरीवर वाजवत असाल तर काम झाल्यावर इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडलांत जॅकच स्विचचं काम करतो, केबल राहिली तर बॅटरी रात्रभर संपत राहते. मिनी पेडलांत ९ व्होल्टची बॅटरी मावतच नाही, हे घेण्याआधी लक्षात ठेवा.

दुकानात स्वतःची गिटार आणि केबल न्या. आधी पेडल बंद ठेवून वाजवा: केबल थेट अ‍ॅम्पला लावल्यापेक्षा आवाज मंद झाला तर बायपास (पेडल बंद असताना आवाज पुढे जायची वाट) खराब. मग स्विच वीसेक वेळा दाबा. पहिल्यांदा ‘टप्प’ झालं तर चालेल, दरवेळी होत असेल तर नको. प्रत्येक नॉब दहा-पंधरा वेळा फिरवा. खरखर कमी होत गेली तर धूळ आहे, तशीच राहिली तर बहुधा कपॅसिटरमधून डीसी गळतोय. शेवटी प्लग हळूच हलवा. पैसे वाचवायला जॅक थेट सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतात. बाहेरचा नट सैल झाला की सगळा ताण सोल्डरवर येतो आणि तो तडकतो. घरी आणल्यावर नट पान्याने घट्ट करा, पण पिळू नका.

टीओ८०० ची पेटी प्लास्टिकची. ती पायाखाली चिरडत नाही, पण बॅटरी बदलायला बिजागरीच्या पिना बॉलपेनने दाबून वरचं झाकण काढावं लागतं. स्टेजवर अंधारात ते करून बघा म्हणजे अडॅप्टर का घ्यावा ते कळेल. जोयोची पेटी धातूची.

तीनपेक्षा जास्त पेडल हवी असतील तर हिशोब बदलतो. झूमच्या जी१ फोरसारखं मल्टिइफेक्ट घ्या: एकावेळी पाच इफेक्ट, ट्यूनर, लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारा), आणि चार डबल-ए सेलवरही चालतं. वाजवता वाजवता वाकून नॉब फिरवायची मजा मात्र जाते.

स्वस्त पेडलमध्ये बिघाड झाला तर बहुतेकदा पायाने दाबायचा थ्रीपीडीटी स्विच (खाली धातूचे नऊ पाय असलेला) गेलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत विचारा. जुना काढताना सगळे पाय एकदम तापवायच्या फंदात पडू नका, बोर्डची तांब्याची पट्टी उखडते. स्विच कापून एकेक पाय वेगळा काढा.