टिप फुकट देणारा कमावतो कशावर?

माझ्या मावसभावाचे पैसे बेटिंगच्या अ‍ॅपमध्ये गेले. हरून थोडे गेलेच, पण खरा फटका बसला तो जिंकल्यावर, म्हणून हे सविस्तर लिहितोय, त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या फोनमध्ये हेच चालू आहे.

टेलिग्रामवर एकजण त्याला मॅचच्या आधी पर्सनल मेसेज करायचा, आज कोण जिंकणार ते. पैसे वगैरे काही मागायचा नाही. लागोपाठ पाच टिपा बरोबर आल्या आणि आमचे साहेब त्याला सर म्हणायला लागले! आता यातली गंमत बघा. 3200 जणांना मेसेज टाकायचा, अर्ध्यांना सांगायचं हा संघ जिंकणार, अर्ध्यांना सांगायचं तो. ज्यांना चुकीची टिप गेली त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्या 1600 जणांचे परत दोन भाग करायचे, असं करत पाच मॅचनंतर बरोब्बर 100 जण उरतात ज्यांना वाटतं हा माणूस कधी चुकतच नाही. खेळातलं ओ की ठो कळायची गरज नाही.

मग बेटिंगच्या अ‍ॅपची लिंक आली. अशा लिंकवरून आणलेला माणूस जेवढा हरेल त्यातला हिस्सा टिपवाल्याला मिळतो, बऱ्याच बेटिंग साइट्सची ही उघड पद्धत आहे. म्हणजे तुम्ही हरण्यातच त्याची कमाई. इथे तर अ‍ॅपच बनावट होतं, अ‍ॅप स्टोअरवर नाही, चॅटमध्ये एपीके फाइल (थेट फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल) पाठवलेली. सुरुवातीला थोडे पैसे काढून बघितले तर लगेच खात्यात आले, आणि तिथेच पोरगा फसला, कारण तेवढे ते मुद्दाम देतात. मग याने मित्राकडून उसने घेऊन मोठी रक्कम टाकली, स्क्रीनवर बॅलन्स वाढत गेला, काढायला गेला तर म्हणे आधी टॅक्स भरा. तो भरला. मग व्हेरिफिकेशनची फी, मग अकाउंट फ्रीज झालंय ते उघडायचे वेगळे. अरे, खरंच काही कापायचं असेल तर बॅलन्समधून कापा ना, वरून कशाला मागता? पण स्क्रीनवरचा आकडा हा नुसता आकडाच होता, त्यामागे पैसेच नव्हते.

लायसन्सवालं अ‍ॅप असतं तर वाचला असता का, असं काहीजण विचारतात. फसवणूक झाली नसती कदाचित, पण हिशोब तिथेही तुमच्या विरोधातच असतो. दोन्ही संघांना 1.90 चा भाव असेल (म्हणजे 100 लावून जिंकलात तर एकूण 190 परत) आणि दोन्हीकडे 100-100 लावले तर 200 जाऊन परत येतात 190, कोणीही जिंको. बोनस मिळतो तोसुद्धा कित्येक पट रकमेच्या बेट लावल्याशिवाय काढता येत नाही, ही अट बारीक अक्षरात असते आणि विशीतली पोरं ती वाचत नाहीत.

आता त्याला नवीन मेसेज येतायत, तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी फी भरा. हे बहुतेक तेच लोक, नाहीतर त्यांच्याकडून नंबर विकत घेतलेले. कुणाचं असं झालं असेल तर पहिलं बँकेला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं, मग पोलिसात तक्रार, आणि लाजेपोटी चॅट डिलीट करू नका, भावाने तेच केलं आणि आता व्यवहाराचे नंबर सोडले तर दाखवायला त्याच्याकडे काहीच नाही.