एअर बेड की वॉटर बेड?

सिडकोतल्या मावसभावाचा फोन: "आईला आयसीयूतून घरी आणतोय, स्वतः कूस बदलत नाही. पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून कोणता घेऊ?"

वॉटर बेड स्वस्त, विजेविना चालतो. पण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो; भरला की जागचा हलत नाही. नाशिकच्या डिसेंबरात पाणी गारठतं, आणि पेशंट रुतल्यानं कूस बदलताना आपलीच कंबर जाते. एअर बेडचे कप्पे आळीपाळीनं फुगतात, दाब एका जागी राहत नाही. पंपाची घरघर मात्र रात्रभर, आणि वीज गेली की पंप बंद. वर जाड गोधडी घातली तर पैसे पाण्यात.

दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड नि टाचा तपासणं दोन्हींवर चुकत नाही.

मावशीसाठी एअर बेड, इन्व्हर्टरसकट. थोडंफार हलणाऱ्याला, वीज बेभरवशाची असेल तिथे वॉटर बेड चालेल.