नकोशा कौतुकाचे दोन चित्रपट: आधी कोणता बघाल?

रणांगणावरून परतलेल्या पोरांना हारतुरे घालून मिरवायचं आणि त्यांना मात्र ते कौतुक नको झालेलं, या विषयावर एकच चित्रपट बघायला वेळ असेल तर माझ्या मते निवड या दोघांत आहे: क्लिंट ईस्टवुडचा 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' (२००६) आणि अँग लीचा 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' (२०१६).

बोचरेपणात 'बिली' सरस म्हणावा लागेल. २००४ साल, इराकमधून आलेली तुकडी, आणि टेक्सासमधल्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गाण्याच्या कार्यक्रमाची शोभा म्हणून तिला उभं केलेलं. आतषबाजी सुरू झाल्यावर ही पोरं दचकतात, तो प्रसंग अस्सल आहे. स्टीव्ह मार्टिननं रंगवलेला संघमालक त्यांच्या कहाणीचा भाव पाडतो, तोही.

पण लीनं हा चित्रपट सेकंदाला १२० फ्रेम्सच्या वेगानं, थ्रीडीत चित्रित केला. तो तसा दाखवू शकणारी थिएटरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या हट्टापायी नट थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. घरच्या टीव्हीवर मला सतत वाटत राहिलं, हा माणूस बिलीशी नाही, माझ्याशी बोलतोय. आता बहुतेक विम्याची पॉलिसी गळ्यात मारणार! जरा कुठे गुंतावं, की पुन्हा तेच. मोठ्या पडद्यावर हाच प्रकार अंगावर येत असेलही. मी घरी पाहिला आणि माझा रस तिथेच आटला.

'फ्लॅग्ज'ही निर्दोष नाही. काळ सारखा मागेपुढे उड्या मारतो, आणि हेल्मेटखाली कोण कोण आहे हे कळायला वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकी झेंडा उभारतानाचा २३ फेब्रुवारी १९४५ चा तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेला. त्यातले म्हणून तिघांना युद्धकर्जाचे रोखे खपवायला गावोगाव फिरवतात. मेजवानीत झेंडा उभारणाऱ्यांच्या आकाराचं पांढरंशुभ्र आइस्क्रीम येतं आणि वाढपी त्यावर लाल सिरप ओततो. कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजही नाही. त्यातला पिमा या अमेरिकी आदिवासी जमातीचा आयरा हेज एकीकडे देशाचा हिरो, दुसरीकडे इंडियन म्हणून बारमध्ये त्याला दारू नाकारतात. ॲडम बीचनं हे काम असं केलंय की बाकीचे दोघे, ब्रॅडली आणि गॅन्यन, फिके वाटावेत.

शिवाय यात वास्तवानं नंतर भर घातली. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलानं २०१६ मध्ये जाहीर केलं की त्या फोटोत ब्रॅडली नव्हताच. २०१९ मध्ये गॅन्यनचंही तेच. म्हणजे मिरवलेल्या तिघांत फोटोतला खरा एकटा हेज, ज्याला मिरवून घेणं सगळ्यांत नकोसं झालेलं. हे ठाऊक असेल तर चित्रपट आणखी झोंबतो.

तेव्हा आधी 'फ्लॅग्ज'. सुरुवातीला चेहऱ्यांचा घोळ होईल, तो सोसा. 'बिली' नंतर, निदान मध्यंतराच्या प्रसंगासाठी. त्यातही कुणाकडे मोठा प्रोजेक्टर असेल तर त्याच्याकडे जाऊनच बघा.