पान शोधा, पण कोणते?

मी मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्यांच्या मजकुरातले चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार आणि दोनदा छापले गेलेले शब्द हुडकण्यात जातात, आणि रात्रीची जेवणे उरकली की मी लॅपटॉप उघडून पुन्हा शोधायलाच बसते. फरक इतकाच की तेव्हा एखाद्या पडक्या हवेलीच्या माळ्यावरच्या अडगळीत छत्री, घुबड आणि तीन किल्ल्या शोधायच्या असतात. घरच्यांना याचे नवल वाटते, मला वाटत नाही. प्रुफात चूक उरली आहे की नाही हेच मुळात ठाऊक नसते, आणि पान स्वच्छ निघाले तरी नजरेतून काहीतरी सुटले असेल ही रुखरुख राहते. हिडन ऑब्जेक्ट प्रकारच्या खेळात मात्र वस्तू समोरच्या चित्रात आहेच, याची हमी आधी मिळालेली असते. इतकी वर्षे हे खेळ खेळल्यावर माझी कसोटी एकच उरली आहे, ती म्हणजे ही हमी खेळ किती प्रामाणिकपणे पाळतो.

माझ्या शेजारी बसून खेळणारी दुसरी व्यक्ती म्हणजे माझी आई. तिने आयुष्यभर तांदूळ निवडले आहेत आणि स्क्रीनवरचे चित्रही ती ताटात पसरलेल्या तांदळासारखेच पाहते: डावीकडून एक पट्टा घ्यायचा, नजरेने तो संपवायचा, मग पुढचा. मी यादीतला शब्द वाचून तो आकार चित्रभर धुंडाळत सुटते, ती यादीकडे पाहतच नाही, आधी सगळे चित्र निवडून घेते आणि मग "घुबड होय? ते मघाशीच दिसलं, घड्याळाच्या मागे आहे बघ," असे शांतपणे सांगते. दहापैकी सात वेळा ती माझ्या आधी पोहोचते, त्यामुळे पुढची मते आम्हा दोघींची आहेत असे समजावे.

या प्रकाराला घरगुती संगणकांवर लोकप्रिय करण्यात सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीचा मोठा वाटा आहे. २००२ साली निघालेल्या या कंपनीच्या 'मिस्टरी केस फाइल्स' मालिकेतला 'हंट्सव्हिल' हा पहिला खेळ २००५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'रेव्हनहर्स्ट' आला. 'रेव्हनहर्स्ट'मध्ये झपाटलेली हवेली, एमा नावाच्या तरुणीच्या रोजनिशीची पाने आणि दारांवरची चमत्कारिक यांत्रिक कुलुपे असा सगळा सरंजाम आहे, आणि वस्तू शोधण्याला गोष्टीचा धागा मिळाला की एरवी कंटाळवाणे वाटणारे कामही किती ओढ लावते, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवले. त्या काळच्या खेळांत घड्याळ लावलेले असे. यावर आमच्या घरात एकमत नाही. मला शेवटच्या दोन मिनिटांतली धांदल आवडते. आईच्या मते ते परीक्षेला बसवल्यासारखे आहे आणि तांदूळ निवडताना कोणी घड्याळ लावत नाही. नंतरच्या बहुतेक खेळांनी सुरुवातीलाच सोपी किंवा कठीण पातळी निवडायला देऊन हा वाद मिटवला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लपवणे आणि पुरणे यांत फरक आहे, आणि या प्रकारातले निम्मे खेळ तो फरक जाणत नाहीत. चांगला चित्रकार वस्तू लपवतो ती तिच्या आकाराला साजेशा जागी: साप दोरखंडाच्या वेटोळ्यात, कंगवा जिन्याच्या कठड्यात, चंद्रकोर खुर्चीच्या पाठीवरच्या नक्षीत. ती सापडते तेव्हा आपल्याला हसू येते, कारण सारा वेळ ती नजरेसमोर होती आणि आपण तिला कठडा समजत होतो. वाईट चित्रकार काळ्या लाकडावर काळी सुई ठेवतो, बरणी इतकी फिकट करतो की ती भिंतीवरचा ओलावा वाटावी, किंवा हत्ती नखाएवढा करून फडताळात कोंबतो. अशी वस्तू शेवटी हिंटचे बटण दाबूनच हाती लागते आणि तिच्याभोवती चकाकते वर्तुळ उमटल्यावरही ती दिसत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपची स्क्रीन जरा मागे झुकवली की काळे रंग राखाडी होतात. हे लक्षात आल्यापासून आई असल्या खेळांत स्क्रीन मागेपुढे हलवून वस्तू बाहेर काढते, जणू सूप पाखडावे तशी. तिला त्यात मजा येते, पण खेळ रचणाऱ्याला ही मजा अभिप्रेत नव्हती एवढे नक्की.

मराठी खेळाडूला आणखी एक कोडे सोडवावे लागते, ते यादीतल्या इंग्रजीचे. रोज इंग्रजीत कामकाज करणाऱ्यालाही थिंबल, बेलोज, अ‍ॅन्व्हिल हे शब्द पटकन ओळखू येतीलच असे नाही, कारण आपले इंग्रजी कार्यालयातले असते आणि हे शब्द शिंप्याच्या दुकानातले नि लोहाराच्या भट्टीवरचे असतात. आमच्याकडे यातून अजब श्रमविभागणी झाली आहे. मी शब्दकोशात पाहून अंगुस्तान, भाता, ऐरण असे एकेक सांगत जाते आणि आई त्याच क्षणी स्क्रीनवर बोट ठेवते. मला शब्द कळलेला असतो पण भाता मी कधी जवळून पाहिलेला नसतो; तिने भाता पाहिलेला असतो, वापरलेला असतो, पण त्याचे इंग्रजी नाव तिच्या कानावरून कधी गेलेले नसते.

शिवाय या याद्यांमध्ये एक खोडी असते. 'बॅट' असे लिहिले की खेळायची बॅट शोधायची की वटवाघूळ, हे मुद्दाम सांगितलेले नसते, आणि तासभर कोपऱ्यातल्या बॅटवर क्लिक करून थकल्यावर छताला लटकलेले वटवाघूळ दिसते. ही खोडी भाषांतरात टिकणार नाही, पण मराठीला उसनी खोडी घेण्याची गरजही नाही. नुसता 'पान' हा शब्द घ्या: झाडाचे, वहीचे, पत्त्यांचे, विड्याचे आणि पंगतीत मांडलेले केळीचे. 'पेटी' म्हटले तर ट्रंकही असेल आणि हार्मोनियमही. 'पट्टी' मोजायची असेल किंवा जखमेवरची. माजघर, देवघर, वळचण आणि कोनाडे असलेल्या घराचे चित्र आणि खाली अशी मराठी यादी, एवढ्यावर एक उत्तम खेळ उभा राहील. मला तसा खेळ अजून मिळालेला नाही.

शोध आणि गोष्ट यांची सांगड घालणाऱ्या खेळांपैकी पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीचा 'एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक' (२०११) मला सर्वांत नेटका वाटतो. एका बेपत्ता मुलीचा तपास करणारी स्त्री गुप्तहेर ही त्याची नायिका आहे, आणि हाती लागलेले पुरावे एका फळ्यावर लावून त्यांचा परस्परसंबंध खेळाडूने जुळवायचा असतो. त्यामुळे सापडलेल्या चिठ्ठीला किंवा छायाचित्राला पुढे काही अर्थ उरतो. एरवी या प्रकारातला सर्वांत मोठा दोष हाच आहे की बारा वस्तू शोधून दिल्यावर त्यांतली एकच आपल्या पदरात पडते आणि उरलेल्या अकरा कुठे जातात ते कोणी विचारत नाही. दुसरा दोष असा की कात्रीने एक दोरी कापली की ती कात्री नाहीशी होते आणि पुढच्या खोलीत पडदा फाडायला नवा चाकू शोधावा लागतो. "एवढी चांगली कात्री टाकून कशाला दिली?" हा आईचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

मधूनमधून येणाऱ्या छोट्या कोड्यांबद्दल थोडक्यात. नळ जोडणे, चकत्या फिरवणे, चित्राचे तुकडे सरकवणे हे ठीक आहे. पण हनोईचा मनोरा, म्हणजे लहानमोठ्या चकत्यांची चळत एकेक चकती हलवत, मोठी कधी लहानीवर न ठेवता, तीन खांबांपैकी एकावरून दुसऱ्यावर नेण्याचे कोडे, आला की मी थेट वगळण्याचे बटण दाबते. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडे प्रसिद्ध केले, आणि त्याच्यासोबत जोडलेली दंतकथा तर आपल्याच काशीतल्या देवळातली, चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची आहे, तेव्हा त्याबद्दल मला आदरच आहे. मात्र त्याची रीत एकदा कळली की विचार करायला काही उरत नाही, फक्त हमाली उरते: तीन चकत्यांना किमान ७ चाली, पाच चकत्यांना ३१ आणि सात चकत्यांना १२७. जो खेळ मध्यरात्री सात चकत्या पुढे ठेवतो, त्याला खेळाडूचा वेळ भरून काढण्यापलीकडे काही सुचलेले नसते.

'हिडन फोक्स' (२०१७) हा आम्हा दोघींचा सर्वांत लाडका खेळ आहे. आड्रियान दे योंग आणि चित्रकार सिल्व्हेन तेग्रोग यांनी तो केला. सगळी चित्रे हाताने काढलेली, पांढऱ्यावर काळ्या रेघांची आहेत, त्यामुळे रंग फिका करून वस्तू पुरण्याची सोयच चित्रकाराने स्वतःला ठेवलेली नाही. जे लपते ते रेघांच्या गर्दीतच लपते. वेळेचे बंधन नाही, गुण नाहीत. खालच्या पट्टीत शोधायच्या माणसांची आणि वस्तूंची चित्रे असतात आणि प्रत्येकावर क्लिक केले की एखाद्या वाक्याचा सुगावा मिळतो, म्हणजे कुठे पाहायचे याला काही कारण असते. झुडपे कापता येतात, तंबूचे पडदे उघडता येतात, दारे आपटता येतात, मगरीला डिवचता येते. आणि हे सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले आहेत. मगर पहिल्यांदा ओरडली तेव्हा आई इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले, आणि त्यानंतर पुढचा अर्धा तास शोधायचे काम बाजूला ठेवून ती चित्रातल्या प्रत्येक गोष्टीवर क्लिक करत राहिली. दोष सांगायचाच तर पुढची चित्रे फार विस्तीर्ण आहेत. ती सरकवत पाहावी लागतात, आणि मग आईच्या पट्ट्यांचा हिशेब चुकतो, कोणता भाग निवडून झाला हे तिला कळेनासे होते.

शोधण्याऐवजी ठेवायला लावणारे दोन खेळही याच घराण्यातले मानावेत. ब्रिस्बेनच्या विच बीमचा 'अनपॅकिंग' (२०२१) एका मुलीच्या १९९७ ते २०१८ या काळातल्या आठ घरबदलांचा आहे. प्रत्येक वेळी खोकी उघडून सामान लावायचे. तिचे नाव, चेहरा, संवाद यांपैकी काही दिसत नाही, तरी तिची गोष्ट सामानातून कळत जाते. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते आणि तिच्या पदवीची चौकट लावायला तिथे भिंत मोकळी नसते. आईने ती भिंतीवर, कपाटावर, स्वयंपाकघरात ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी लाल कडा उमटली. शेवटी ती पलंगाखाली सरकवली तेव्हा खेळाने ती मान्य केली. आई काही बोलली नाही, पण पुढच्या घरबदलात मुलगी एकटीच परतलेली दिसल्यावर "बरं झालं" एवढे म्हणाली.

कॅनडातल्या मॅक्स इन्फर्नोचा 'अ लिटल टू द लेफ्ट' (२०२२) चमचे, पेन्सिली, पुस्तके नीट मांडण्याचा आहे आणि मधूनच मांजराचा पंजा येऊन मांडणी विस्कटतो. त्यातली हिंटची कल्पना मी पाहिलेल्यांपैकी सर्वोत्तम आहे: उत्तराचे चित्र पेन्सिलीने गिरमिटलेले असते आणि खोडरबराने हवे तेवढेच पुसून पाहायचे. कोपरा पुसून भागले तर उरलेले झाकलेलेच राहते.

फुकट मिळणाऱ्या खेळांबद्दल माझा अनुभव कडू आहे. अशा एका खेळात दर दृश्यामागे 'ऊर्जा' खर्च होते, ती संपली की वाट पाहा किंवा पैसे मोजा. शिवाय तेच दृश्य तारे मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळावे लागते, म्हणजे शोधणे संपून पाठांतर सुरू होते. आईने त्यात चार महिने घालवले. मग एका अपडेटनंतर तिची सगळी प्रगती नाहीशी झाली आणि ग्राहकसेवेकडून तीन वेळा एकच साचेबंद उत्तर आले. तेव्हापासून आम्ही एकरकमी पैसे देऊन विकत घेता येणारेच खेळ घेतो. त्यातही कलेक्टर्स एडिशनच्या मोहात पडण्याचे कारण नाही. जादा प्रकरण सहसा उरलेल्या भाजीसारखे असते, आणि बाकी वॉलपेपर नि संगीत कोणी उघडूनही पाहत नाही.

बिग फिशवर बहुतेक खेळ पहिला तासभर विनामूल्य खेळून पाहता येतात. त्या तासात एकदा मुद्दाम हिंट दाबावी. वर्तुळ उमटल्यावर तोंडून "अरे हो!" निघाले तर खेळ घ्यावा, "कुठे आहे?" निघाले तर सोडून द्यावा. आईला ही चाचणी मान्य नाही. हिंटचे बटण दाबण्यापेक्षा ती चष्मा पुसते, स्क्रीन मागे झुकवते आणि डाव्या कडेपासून पुन्हा सुरुवात करते.